उभी काच

सकाळचा उजेड आमच्या मधल्या खोलीत एकदम शिरत नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिच्या कडेवर तो आधी थोडा वेळ रेंगाळतो, बोळातल्या तारांवरून खाली उतरतो, आणि कुणी दार उघडण्याची वाट पाहत उभे राहावे तसा आमच्या खिडकीपाशी थबकतो. खिडकीला बारा तावदाने आहेत, तीन रांगांत चार-चार. उजेड आत आला की समोरच्या भिंतीवर बारा चौकोन उमटतात. पहिल्यांदा ते अगदी फिके असतात, धुतलेल्या कपड्यावर राहून गेलेल्या जुन्या डागासारखे. मग हळूहळू त्यांना कडा येतात. कपाटाच्या माथ्यावरून ते खाली सरकू लागतात. चहाचे आधण ठेवले जाते तेव्हा ते कोटाच्या खुंटीपाशी असतात, कप विसळून पालथे घातले जातात तेव्हा आईच्या उशाशी, आणि मी दुकानाची फळी उघडायला उठतो तोवर फरशीवर पोहोचलेले असतात. अकरा चौकोन शहाण्यासारखे उतरतात. बारावा डळमळतो. त्या तावदानाच्या पोटात मण्याएवढा एक बुडबुडा आहे. भिंतीवर त्याचे एक काळसर कडे पडते आणि कड्याच्या मधोमध उजेडाचा एक तीक्ष्ण ठिपका. तो ठिपका रोज सकाळी काही क्षण खुंटीवर टेकतो. अकरा वर्षे त्या खुंटीवर कुणी काही अडकवले नव्हते. उजेडाखेरीज.

ती खिडकी दादाने बसवली होती. आमचे वडील काचकाम करत. त्या खेपेच्या मालात हे बुडबुड्याचे तावदान निघाले, ते त्यांनी फेकायला म्हणून बाजूला ठेवले, आणि ते जेवायला बसले असताना वीस वर्षांच्या दादाने तेच उचलून चौकटीत बसवून टाकले. वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "बारा मुलांच्या घरात एखादं व्रात्य असणारच की." वडील हसले, आणि तावदान राहिले.

पुढे वडील गेले, आणि दोन वर्षांनी दादाही गेला. वडील कायमचे, दादा दोन वर्षांसाठी. समुद्रापलीकडच्या त्या शहरात म्हणे दुकानांना भिंतीएवढाल्या काचा बसवत होते आणि काच कापणारे हात कमी पडत होते. आमच्या बोळात काच फुटे ती मुलांच्या चेंडूने, आणि लोक तिथे पुठ्ठा लावून वर्ष काढीत. दादाच्या लग्नाला तेव्हा वर्ष झाले होते. जाताना त्याने वहिनींना सांगितले, की पहिल्या थंडीआधी मी तुला बोलावतो. आईला सांगितले, दोन वर्षे. आणि मला, चौदा वर्षांच्या धाकट्याला सांगितले, की दुकान सांभाळ आणि माझ्या पाठीमागे पंचनामे करत बसू नकोस.

पंचनामा हे त्याने मला ठेवलेले नाव. लहानपणी घरात कपबशी फुटली की मी तुकडे जुळवून पाही आणि एक तुकडा कमी आहे असे जाहीर करी. मग सगळे घर गुडघ्यांवर बसून तो तुकडा शोधी. तो बहुतेक वेळा सापडे. ही सवय अंगात मुरली. फरक एवढाच, की मोठेपणी मी जाहीर करणे सोडून दिले.

दोन वर्षांची चार झाली, चारांची सहा. मग लढाई लागली आणि जहाजे बंद पडली. पत्रे मात्र कशीबशी येत राहिली. त्या पत्रांतला माणूस वर्षागणिक विरळ होत गेला असे मला वाटे. ओळी कमी झाल्या, अक्षर मोठे आणि मोकळे झाले. काम काय करतोस या प्रश्नाला एकच उत्तर येई: काचकामच. पत्र आले की वहिनी ते दोनदा वाचून माझ्या हाती देत. मी ते खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरी. शाई, घडी, खाडाखोड, सगळे न्याहाळी. आणि कुणालाही न सांगता, पत्रागणिक, एका निष्कर्षाच्या कडांवर पुट्टी लिंपत जाई: दादाचा तिकडे दुसरा संसार आहे. ज्याला बोलायचे नसते त्याचेच अक्षर एवढे मोठे होते.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्या सरकारचे पत्र आले, की अमुक पथकात सेवा बजावत असताना तो मृत्यू पावला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आले नाही. पहिल्यांदा आले ते हे: किती सोयीचे.

आणि मग तो सुतार आला.

तो सकाळीच आला. एका पायाने लंगडत, खांद्यावर लाकडी पेटी घेऊन. दादाबरोबर तो त्याच पथकात होता, असे त्याने दारातच सांगितले. आपल्याच भाषेत बोलत होता, पण फार दिवस न वापरलेले भांडे घासून काढावे तशी, जपून. आई पुढे झाली, वहिनींनी पेटी उतरवायला हात लावला, आणि मी मागे उभा राहून पाहत राहिलो. पेटी नवी होती. पांढरे, ताजे लाकूड. सांधे इतके चोख की मधे नखही शिरू नये. गेलेल्या माणसाच्या जुन्या वस्तू नव्या पेटीत का, हा माझा पहिला प्रश्न. तो मी विचारला नाही. ती पेटी मीच केली, असे त्याने आपण होऊन सांगितले, आणि न विचारता सांगितलेल्या गोष्टीवर तर माझा कधीच विश्वास बसलेला नाही.

मधल्या खोलीत तो बसला तो खिडकीकडे पाठ करून. चहा आला. मग मागे वळूनही न पाहता तो म्हणाला,

"तो बुडबुडा वरून तिसऱ्या ओळीत ना?"

वहिनींच्या हातातला कप बशीत वाजला. मी त्याच्याकडे टक लावून पाहिले. ज्या माणसाने आमच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकले, त्याला आमच्या भिंतीवरचा डाग पाठ होता. हे एक तर दादाने सांगितलेले असणार, किंवा दादाकडून काढून घेतलेले.

पेटीत फार काही नव्हते. एक जाड कोट, त्याचे एक बटण वेगळ्या रंगाचे. घडीची मोजपट्टी. पुट्टी लावायची पाती. वहिनींची पत्रे, तारखांप्रमाणे लावून सुतळीने बांधलेली. प्रत्येकाच्या कडेला तेलकट अंगठ्याचा ठसा. एक चष्मा. आणि एका चिंधीत गुंडाळलेली हिरकणी.

आईने कोट उचलून नाकाशी नेला आणि निराश होऊन खाली ठेवला.

"धुतलाय," ती म्हणाली.

सुतार खाली पाहत म्हणाला, "धुवावा लागला, आई."

आईने पुढे विचारले नाही. मी मात्र मनात नोंदी करत होतो. कोट धुतलेला, म्हणजे कुणाचाही. तेलकट अंगठा जगातल्या प्रत्येक काचकाम करणाऱ्याचा असतो; पुट्टीत जवसाचे तेल असते, ते कातडीतून जात नाही. चष्मा तर उघड उघड खोटा. दादाला बोळाच्या टोकाची पाटी आमच्या उंबऱ्यावरून वाचता येई. जवळचं दिसेनासं झालं होतं त्याला, सुतार म्हणाला, पत्र लिहितानासुद्धा कागद हातभर लांब धरायचा. असेल, मी म्हणालो. माझ्या मनातला दादा चोवीस वर्षांचा होता आणि चोवीस वर्षांच्या माणसाला चष्मा लागत नाही.

शेवटी सुताराने खिशातून एक कागद काढला. वर वस्तूंची यादी होती, खाली छापलेला मजकूर: वरील वस्तू मयताच्याच असल्याची आमची खात्री पटली आहे. त्याखाली दोन रेघा. एक पत्नीसाठी, एक घरातल्या सज्ञान पुरुषासाठी. त्याने जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे: भिंत पडून बरीच माणसे एकत्र गेली होती, त्यांना एकत्रच पुरावे लागले, दादाला ओळखले ते एकट्या सुताराने. एकाच माणसाची साक्ष कचेरीला पुरत नाही. सह्या झाल्या तर दादाचे नाव मृतांच्या यादीत लागेल, नाहीतर बेपत्तांच्या यादीत राहील, कायमचे. शुक्रवारी कागद कचेरीत द्यायचा होता. त्या दिवशी मंगळवार होता; शुक्रवारपर्यंत सुतार आमच्याच बाहेरच्या खोलीत राहणार होता.

वहिनींनी कागद वाचला आणि नेहमीप्रमाणे माझ्यापुढे सरकवला.

"हत्यारं मला कळत नाहीत. तुम्ही बघा, भाऊजी. तुमची सही झाली की माझी."

काच कापण्याची हिरकणी ही काय चीज असते हे सांगायला हवे. लाकडी मूठ, टोकाला पितळेचा ठोकळा, आणि त्यात बसवलेला बाजरीच्या दाण्याएवढा हिरा. हा हिरा काच कुठूनही कापत नाही. त्याची एकच कड कापते, आणि ती कड काचेवर नेमक्या एकाच कलाने टेकावी लागते. वर्षानुवर्षे एका हातात राहिली की हिरकणी त्या हाताच्या कलाने झिजते; मग दुसऱ्या हातात ती नुसती ओरखडते. म्हणून आमच्या धंद्यात हिरकणी उसनी देत नाहीत. एकदा शेजारच्या गल्लीतला एक कारागीर वडिलांकडे हिरकणी मागायला आला, तेव्हा वडिलांनी त्याला जेवायला बसवले, शिडी दिली, गाडी दिली, बरोबर काम करायला स्वतः जायची तयारी दाखवली, पण हिरकणी दिली नाही, आणि तो माणूसही रागावला नाही.

दादाची हिरकणी मी एकदाच हातात धरली होती. तेरा वर्षांचा असताना. त्याने माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून एक रेघ मारली होती. काळ्या लाकडाची मूठ, तिला एक खाच, खाचेजवळ तांबडा ठिपका. ठिपका पट्टीकडे ठेवायचा, आणि बैठकीत डुलकी लागलेल्या माणसाची मान कलते तेवढा कल द्यायचा. बरोबर कापली जात असलेली काच एक आवाज करते; बारीक, सलग, कुणी दूर रेशीम फाडत असल्यासारखा. तो आवाज आणि तो कल माझ्या मनगटात राहिले होते. दादाच्या चेहऱ्याविषयी माझी चूक होऊ शकली असती. त्या कलाविषयी नाही.

मंगळवारी दुपारी मी दुकानात गेलो, दार लावले, मेजावरच्या जाड कापडावर एक काच आडवी टाकली, पट्टी ठेवली आणि चिंधी सोडली. काळे लाकूड, खाच, ठिपका. ठिपक्याचा तांबडा रंग तपकिरी झालेला. मी तो कल दिला आणि हात आपल्याकडे ओढला.

हिरकणी करकरली. पांढरी, पिठूळ, ओबडधोबड रेघ उमटली. मी काच मोडून पाहिली, ती भलतीकडेच फुटली. कल थोडा कमी केला, थोडा वाढवला. मूठ उभी धरली, तिरकी धरली. सायंकाळपर्यंत मी सात काचा वाया घालवल्या आणि माझ्या छातीत, लाज वाटावी असा, एक आनंद हळूहळू भरत गेला. ही हिरकणी दादाची नव्हती. कुणीतरी तिला दादाच्या हिरकणीसारखी मूठ करून दिली होती, खाचेसकट, ठिपक्यासकट. आणि मूठ कोण करतो? सुतार करतो.

मी सही केली नाही. कारणही सांगितले नाही. अजून बघतोय, एवढेच म्हणालो. बुधवारी मी सुताराला बघू लागलो.

तो फार सावध होता. मोठा आवाज झाला की बोलता बोलता थांबे. दादाविषयी विचारले की भरभरून सांगे. दादा कसा शिडीवरून खालच्या लोकांच्या नकला करी; राहत्या खोलीच्या फुटक्या खिडकीला त्याने सात घरांतल्या सात रंगांच्या काचा कशा जोडल्या; पथकात सुतार भिंतींना टेकू देई आणि दादा मारा होऊन गेल्यावर चौकटींत लटकत राहिलेल्या काचा उतरवी, म्हणजे खालून माणसे बाहेर काढता येत. पण शेवटच्या दिवसाविषयी विचारले की त्याची वाक्ये तोकडी होत. भिंत पडली. मी पण होतो. पाय गेला. बस. आईने दोनदा विचारले, दोनदा तो याच तीन वाक्यांवर आला, त्याच क्रमाने. पाठ केलेल्या गोष्टीलाच क्रम असतो.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी वहिनी स्वयंपाकघरात पातेली पुसत होत्या. मी दारात उभा राहिलो. अकरा वर्षे एका घरात राहूनही आम्ही दोघे समोरासमोर फारसे बोलत नसू. त्या भांड्यांशी बोलत, मी काचांशी. पण आता मला सांगणे भाग होते. हिरकणी त्याची नाही, मी म्हणालो. सात काचांचे सांगितले. सुताराविषयी सांगितले. मग थांबलो, आणि इतकी वर्षे लिंपलेले ते सगळे एकदम बाहेर आले.

"वहिनी, तो जिवंत असेल. तिकडे दुसरा संसार थाटून बसला असेल. सुटका हवी असेल म्हणून ह्या माणसाला पाठवलं असेल."

त्यांनी हातातले पातेले पुसून पूर्ण केले, जागेवर ठेवले, फडके पिळून दांडीवर टाकले.

"ते मला चाललं असतं, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मी उंबरा ओलांडून आत आलो.

"खरंच चाललं असतं. तिथे का होईना, दोन घास खातायत, कुणावर तरी ओरडतायत. मी इथे बसून नावं ठेवली असती. पण नक्की काय ते मला कळू दे. रोज सकाळी उठून मी रडायचं की चिडायचं, हे मला कुणीतरी सांगा. तुमच्याकडे कागद दिला तो त्यासाठी. तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून."

त्या रात्री जेवताना सुताराने पाणी मागितले ते मी दिले, आणि त्याच्याकडे पाहिले. आई वाढायला पुढे झाली की तो ताटातून नजर उचलत नव्हता. मला वाटले, आता हा माणूस माझ्या तावडीत आला.

गुरुवारी आईने त्याला कामाला लावले. दुकानाचे मागचे दार फुगून अडकत असे. धड माणूस नुसता बसलेला मला बघवत नाही, आई म्हणाली. आणि तो आपल्या पायाकडे पाहू लागला तेव्हा, मी हातांबद्दल बोलतेय, पायाने कोण रंधा मारतं, असे तिने सुनावले. तो तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा हसला. दार उतरवून त्याने दोन स्टुलांवर आडवे टाकले आणि रंधा चालवू लागला. लाकडाच्या कुरळ्या साली फरशीवर पडू लागल्या. मी मेजाशी उभा राहून एका आरशाच्या मागचा भाग पुसत होतो, पुसण्यासारखे काही नसताना.

खिडकीकडे पाठ करून का बसता, मी विचारले.

"तिकडे सगळेच तसे बसतात," रंधा न थांबवता तो म्हणाला. "काच फुटली तर डोळ्यात जाऊ नये म्हणून. तुमच्या भावानेच शिकवलं."

इतके साधे उत्तर. मला रागच आला. मी फडके खाली ठेवले.

"तुम्ही काहीतरी लपवताय."

रंधा थांबला. त्याने तो उलटा करून पात्यात अडकलेली साल अंगठ्याने काढली. बराच वेळ काढत राहिला.

"लपवतोय," तो म्हणाला.

मी मेजावरून पुढे वाकलो.

"टेकू माझा होता."

मग त्याने सांगितले, माझ्याकडे न पाहता, आडव्या दाराला सांगावे तसे. चार मजली इमारत होती. खाली तळघरात माणसे अडकली होती आणि बाहेर यायचा एकच जिना; त्या जिन्यावर एक उंच खिडकी, तिच्या काचा चिरलेल्या, नुसत्या धक्क्याने खाली येतील अशा. सुताराने भिंतीला दोन टेकू दिले. दुसऱ्याचे लाकूड ओले होते. ते त्याला माहीत होते. दुसरे लाकूड आणायला पाच मिनिटे लागली असती. दादाने शिडीवरून विचारले, टिकेल का? आणि तो म्हणाला, टिकेल.

"तो वर चढला. असा उभा होता." सुताराने उजवा हात डोक्याच्या वर नेला, कोपर बाहेर काढला, मनगट उलटे फिरवले, अंगठा खाली. त्या हवेतल्या काचेवरून त्याचा हात वरून खाली सावकाश आला. "शेवटचं तावदान होतं. चार माणसं बाहेर पडली त्याच्या खालून. पाचवी मुलगी होती. मग माझा टेकू सरकला."

त्याने रंधा पुन्हा लाकडावर ठेवला, पण चालवला नाही.

"आईंना सांगणार होतो. रोज ठरवतो. त्या वाढायला बसतात आणि मग मला बोलता येत नाही."

मी काय केले ते लिहिताना संकोच वाटतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मी मनात म्हणालो: छान रचलंय. स्वतःवर दोष घेणाऱ्या माणसाला कोण खोटा म्हणेल? आणि मी मघाशी ठेवलेले फडके उचलले. पण आरशाची काच पुसताना माझा उजवा हात काहीतरी वेगळेच करत होता. तो उलटा फिरून, अंगठा खाली करून, वरून खाली येत होता. मेजावर काच कापणारा माणूस असा हात कधी धरत नाही. आम्ही काच आडवी ठेवतो आणि हात आपल्याकडे ओढतो. वडील तसेच करत, दादा तसेच करी. ही नक्कल सुताराला कुठून सुचावी, हा प्रश्न मला सायंकाळभर छळत राहिला. काचकाम न कळणाऱ्या माणसाने खोटे सांगायचे ठरवले असते तर त्याने मेजावरचा हात दाखवला असता. जगात सगळे तोच दाखवतात.

शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी उठलो. उजेड अजून टाकीच्या कडेवर होता. आईच्या श्वासाचा आवाज येत होता; बाहेरच्या खोलीत सुतार त्याचे सामान बांधून, बांधलेल्या सामानाशेजारी बसला होता, खिडकीकडे पाठ करून. स्वयंपाकघरात वहिनींची हालचाल सुरू झाली होती. मी हिरकणी घेऊन खिडकीपाशी गेलो आणि कपाटाच्या माथ्यावर पहिला चौकोन उमटेपर्यंत थांबलो. का थांबलो ते मला माहीत होते. जोवर मी हात वर करत नव्हतो तोवर दादा समुद्रापलीकडे कुठल्याशा खोलीत, सात रंगांच्या काचेखाली, कुणावर तरी ओरडत होता.

मग मी स्टुलावर चढलो. खालून नाही, वरून सुरुवात करायची होती. बुडबुड्याच्या तावदानाच्या बरोबर वरचे तावदान मी निवडले. डोक्याच्या वर, हात पोहोचेल एवढे उंच. कोपर बाहेर काढला. मनगट उलटे फिरवले. अंगठा खाली आला, आणि मुठीवरची ती खाच, मेजावर धरताना माझ्या बोटांत उगीचच रुतणारी खाच, अंगठ्याच्या पेराखाली आपोआप बसली. तिथे लाकूड खोलगट झिजले होते. उभी काच कापून ते तसे झिजायला एक-दोन महिने पुरत नाहीत, वर्षे लागतात. मला आता कल द्यावा लागला नाही. मुठीनेच तो माझ्या हाताला दिला, जसा बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या मुठीने माझ्या लहान मुठीला दिला होता.

मी हात वरून खाली आणला.

करकर झाली नाही. बारीक, सलग, दूर कुणी रेशीम फाडत असल्यासारखा तो आवाज खोलीतून गेला. काचेवर रेघ दिसलीच नाही, इतकी ती नितळ होती. उजेड तिच्यात शिरला तेव्हा केसासारखी चमकली फक्त. मी पुन्हा एकदा केले, शेजारी. पुन्हा तोच आवाज.

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज थांबला. मी मागे पाहिले तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या, कोपरांपर्यंत ओल्या हातांनी. लग्नानंतरचे एक वर्ष, रोज सकाळी, त्यांनी तो आवाज दुकानातून ऐकलेला होता. खाटेवर आई उठून बसली होती. आणि बाहेरच्या खोलीत सुतार, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, खिडकीकडे वळून पाहत होता.

मी स्टुलावरून उतरलो. वहिनींनी पदराला हात पुसले, कपाटातला कागद काढला, आईच्या खाटेच्या कडेवर ठेवला आणि लेखणी माझ्यापुढे धरली. भिंतीवरचे चौकोन एव्हाना खुंटीपर्यंत आले होते. बाराव्यातला ठिपका तिच्यावर टेकला होता, आणि त्याच्या वरच्या चौकोनात दोन नव्या बारीक रेघा पडल्या होत्या. वहिनींनी पेटीतला कोट आणला आणि त्या खुंटीला अडकवला. ठिपका कोटाच्या त्या वेगळ्या रंगाच्या बटणापाशी आला.

मी दुसऱ्या रेघेवर सही केली. दादा मेला होता.